लेकरांसाठी जनावरांची लोकगाणी: आजीच्या तोंडून आपल्या घरात कशी आणायची

मी पहिल्यांदा आजीसमोर फोन धरून "आजी, बैलाचं एखादं गाणं म्हण ना" असं म्हटलं, तेव्हा तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "आता काय ध्यानात ऱ्हातंय माय?" दीड तास बसले, एक ओळ निघाली नाही. दुसऱ्या दिवशी माळवदाखालच्या अडगळीतलं जातं बाहेर काढलं, झाडून-पुसून ओसरीत मांडलं आणि शेजारी शेरभर ज्वारी ठेवली. माझी सहा वर्षांची लेक लगेच खुंट्याला लोंबकळली. एकटीला ते ओढेना. आजी उठली, समोर बसली, तिच्या इवल्या मुठीवर आपला हात ठेवला. तीन फेरे नुसते झाले. चौथ्या फेऱ्याला आवाज लागला. राघू, मैना, हरणी, कपिला गाय असं एकामागून एक येत गेलं, आणि ज्वारी संपली तेव्हाच ती थांबली. खुंटा हातात आल्याशिवाय ओवी तोंडात येत नाही, हे तिला ठाऊक होतं. मला त्या दिवशी कळलं.

पुढं जे काही सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे: काम आधी, गाणं मागून. मराठवाड्यातली जनावरांची जवळजवळ सगळी जुनी गाणी कुठल्या तरी कामाला बांधलेली आहेत. दळताना, मोट हाकताना, गुरं पाण्यावर नेताना, लेकराला भरवताना, झोका देताना ती म्हटली जायची. ते काम, निदान त्याची नक्कल, परत उभी केली की गाणं येतं आणि घरात टिकतं. नुसतं पाठ करून घेतलं तर शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत टिकतं.

पहिली पायरी: कुणाला काय विचारायचं

"गाणं म्हणा" असं कधीही म्हणू नका. गाणं म्हटलं की म्हाताऱ्या माणसांना रेडिओ आठवतो, नाहीतर भजन. कामाबद्दल विचारा. लेकरू जेवत नसलं तर कोणत्या पाखराला हाक मारायचीस? गाय पान्हवत नसली तर तिच्याशी काय बोलायचीस? पंचमीला झाडाला झोका बांधल्यावर पोरी काय म्हणायच्या? बैल दमला, चालेना, तर काय म्हणायचात? असा प्रश्न पडला की उत्तर आपोआप सुरात येतं. विचारणाऱ्याला कळायच्या आत येतं.

बायांची आणि पुरुषांची गाणी वेगळी असतात, हे ध्यानात ठेवा. ओव्या, पाळणे, पंचमीचे फेर बायांकडे. मोटेवरची गाणी, बैलांना घातलेली साद, गुराख्यांच्या आरोळ्या पुरुषांकडे. घरात आजोबा असतील तर त्यांना सोडून पुढं जाऊ नका. बहुतेक लोक फक्त आजीकडे जातात आणि अर्धा ठेवा तिथंच राहतो. लहानपणी गुरं राखलेला सत्तरी-ऐंशीतला माणूस गावात अजून सापडतो. त्याला आधी शीळ घालायला लावा. गुरं ओढ्यावर पाणी पिताना गुराखी एक लांब, हळू शीळ घालतो, म्हणजे जनावर निवांत आणि पोटभर पितं. शीळ झाली की पुढचं सगळं तो स्वतःहून सांगतो.

आणि हाका गोळा करायला विसरू नका. कोंबड्यांना "ती ती ती", कुत्र्याला "यू यू", शेरडांना "हुर्र", बैलाला टाळूवर जीभ आपटून काढलेला "च्च च्च". हेही गाण्याचंच बी आहे. अडीच-तीन वर्षांच्या लेकराला अख्खं गाणं येत नाही, पण दहा हाका येतात, आणि प्रत्येक हाकेला वेगळं जनावर येतं ही गंमत त्याला फार आवडते.

दुसरी पायरी: आवाज जपून ठेवा

फोन पुरे. तो विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन ओवीत कुणाचा तरी कॉल येतो. पंखा बंद करा. फोन म्हणणाऱ्यापासून हातभर अंतरावर, दुमडलेल्या कापडावर ठेवा. जात्याच्या दगडावर किंवा त्याच पाटावर ठेवला तर घरघरीशिवाय काही ऐकू येणार नाही. सुरुवातीला म्हणणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि माहेर कुठलं ते तुमच्या आवाजात बोलून घ्या. माहेर महत्त्वाचं, कारण बाईची गाणी बहुधा माहेरची असतात. माझ्या आजीच्या निम्म्या ओव्या औसा तालुक्यातल्या आमच्या गावच्या नाहीतच, त्या कंधारकडच्या.

मध्ये थांबवून अर्थ विचारू नका. आधी पूर्ण म्हणू द्या, मग परत ऐकवून विचारा. आपलाच आवाज फोनमधून ऐकला की त्या हसतात आणि "हितं एक ऱ्हायलं बघ" म्हणून आणखी दोन ओव्या घालतात. दुसऱ्या कुणाला पाठवायचं असेल, इंटरनेटवर टाकायचं असेल तर आधी त्यांना विचारा. काही ओव्यांत सासरचं दुःख असतं, माणसांची नावं असतात. ती घरातच राहावीत असं त्यांना वाटू शकतं, आणि तो त्यांचा हक्क आहे.

त्याच दिवशी त्याची नक्कल दुसऱ्या ठिकाणी ठेवा. आमच्या चुलत आजोबांची मोटेवरची गाणी मी एकाच फोनमध्ये ठेवली होती. फोन पाण्यात पडला. आजोबा पुढच्या उन्हाळ्यात गेले. आता माझ्याकडे त्यातल्या दोन ओळी आणि चाल आहे, एवढंच.

ज्यांच्या घरात म्हणणारं कुणी उरलेलं नाही त्यांनीही हात टेकू नयेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्यांतल्या कितीतरी मूळ आवाजात 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर फुकट ऐकायला मिळतात. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांचे आवाजही त्यात आहेत. लेकरांना झोपताना त्यातली एकच ऐकवा, रोज तीच. आठ दिवसांत चाल अंगात भिनते.

तिसरी पायरी: लिहा, पण शुद्ध करू नका

इथं मी स्वतः चुकले आहे. आजीच्या तोंडची एक ओळ होती:

दुधाच्या वाटीत पानी,
तोंड लावीना मनी.

मी वहीत 'पाणी' लिहिलं. लेकीनं वाचलं आणि म्हणाली, हे जुळत नाही. खरंच जुळत नव्हतं. 'पानी'ला 'मनी' जुळते, 'पाणी'ला जुळत नाही. 'मव्हं', 'तुव्हं', 'हितं', 'काहून', 'दारामंदी' हे सगळं जसं कानावर आलं तसं लिहा. मुलाला शाळेतली भाषा शाळा शिकवेल. आजीची बोली शिकवणारं घराबाहेर कुणी नाही. अवघड शब्दाचा अर्थ समासात लिहून ठेवा. येसण, कासरा, दावं, गव्हाण हे शब्द शहरातल्या लेकरांना चित्र काढून समजावले की कायमचे राहतात.

ओव्यांमधली एक खूण मुलांना आधीच सांगून टाका. राघू म्हणजे पुष्कळदा मुलगा असतो, मैना किंवा हरणी म्हणजे लेक, आणि वाघ म्हणजे भाऊ किंवा कर्ता पोरगा. माझ्या लेकीनं पहिल्यांदा "माझा वाघ शेताला गेला" असं ऐकलं तेव्हा ती घाबरून माझ्या मांडीवर आली होती. तो वाघ म्हणजे तुझे पणजोबा, असं आजीनं सांगितल्यावर तिनं फोटोतल्या पणजोबांकडे पुन्हा एकदा नीट बघितलं.

चौथी पायरी: वयाप्रमाणे निवडा

मांडीवरच्या लेकराला शब्द लागत नाहीत, स्पर्श लागतो. "इथे इथे बस रे मोरा" हा खेळ महाराष्ट्रभर आहे, पण घाई करून त्याची मजा घालवली जाते. लेकराचा तळहात आपल्या डाव्या हातात उताणा धरा. उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं तळव्याच्या मधोमध टोचल्यासारखं करा, ठेका मोजून, दर शब्दाला एकदा. चारा, पाणी असं म्हणताना बोट थोडं थांबवा, जणू पाखरू खरंच खातंय. आणि उडून जायच्या आधी एक श्वास थांबा. तो एक श्वास म्हणजे सगळा खेळ. लेकरू तुमच्या बोटाकडे बघत राहतं, हात आवरून घेत नाही, आणि मग भुर्रकन हात वर गेला की खदाखदा हसतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते स्वतःहून तळवा पुढं करतं.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना प्रश्नोत्तराची साखळी आवडते. दिवाळीत गाई-म्हशी ओवाळताना म्हणतात ते "दिन दिन दिवाळी" याच घडणीचं आहे: गाई कुणाच्या, तो कुणाचा, असं पुढं पुढं जाणारं. एकानं विचारायचं, सगळ्यांनी उत्तर द्यायचं. जेवणाच्या ताटावर आम्ही आमची घरगुती साखळी म्हणतो:

कोण गं आलं दारी? चिमणी आली दारी.
काय हवं तिला? दाणे हवे चारी.
चार दाणे कशाला? पिलं आहेत घरी.

आणि मग घास. पिलं किती ते लेकरू ठरवतं आणि तेवढे घास जातात. भूक असली की पिलं वाढतात, असा माझा अनुभव आहे.

सातच्या पुढच्या मुलांना मोट शिकवा. मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायची चामड्याची मोठी पिशवी. बैल तिचा नाडा ओढत उताराच्या धावेवरून खाली जातात, मोट वर येऊन थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या दगडी कुंडात, रिती होते आणि बैल पाठमोरे परत येतात. गाण्याची चाल यातूनच घडली आहे. बैल खाली जाताना ओळ लांबते, कारण ओढ लांब आहे. पाणी पडताना सूर थांबतो. परत येताना मोटकरी नुसती साद घालतो. अंगणात एका मुलाच्या कमरेला आजोबांचं उपरणं बांधा, दुसऱ्यानं टोक धरावं, हलकी रिकामी बादली मागं जोडा. दहा पावलं पुढं ओळ म्हणत, दहा पावलं मागं साद घालत. दोन फेऱ्यांत पोरांना कळतं की ओळ तिथंच का तुटते. विजेचे पंप आल्यापासून मोट गेली, तिच्यासोबत गाणं गेलं, पण या खेळात ते परत येतं. घरात म्हणणारा आजोबा असेल तर त्याला धावेच्या वरच्या टोकाला खुर्ची द्या. तो बसून राहत नाही, एवढं मी सांगते.

पाचवी पायरी: जनावर डोळ्यांनी दाखवा

ज्या लेकरानं बैलाच्या अंगाला हात लावला नाही त्याला बैलाचं गाणं म्हणजे निव्वळ शब्द. मराठवाडा यात श्रीमंत आहे. लातूर-उदगीरकडची देवणी, नांदेडकडची लाल कंधारी, धाराशिवची उस्मानाबादी शेळी, ही आपल्या मातीतली नावाजलेली जनावरं आहेत. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत एका फेरीत ती बघायला मिळतात. मोरासाठी बीड जिल्ह्यातलं पाटोद्याजवळचं नायगाव मयूर अभयारण्य आहे, पाणपक्ष्यांसाठी हिवाळ्यातला पैठणचा नाथसागर.

देवणीचे रंग मुलांना शिकवाच. अंग पांढरं आणि तोंडावर काळं असलं तर वानेरा, पांढऱ्यावर काळे ठिपके-पट्टे असले तर शेवरा, आणि जवळजवळ सगळंच पांढरं असलं तर बाळंक्या. आम्ही बाजाराच्या दिवशी गाडीतून जाताना दिसेल त्या बैलाला हाक मारतो आणि मुलं ओळ जोडतात. एकदा शेवरा दिसला तेव्हा भाचा म्हणाला:

शेवऱ्या रे शेवऱ्या, ठिपके कुणी दिले?
पावसाच्या ढगानं अंगावर शिंपले!

नऊ वर्षांच्या पोरानं चालत्या गाडीत केलेलं हे गाणं आमच्या वहीत आजीच्या ओव्यांच्या शेजारी लिहिलेलं आहे.

दाखवताना एक पथ्य पाळा. ओव्यांत राघू पिंजऱ्यात असतो, जुन्या गाण्यांत अस्वलवाला दरवेशी आणि माकडवाला येतो. आज रानातला पोपट पाळणं, अस्वल-माकडाचा खेळ करणं, नाग पकडून दारोदार फिरवणं हे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. गाणं म्हणा आणि हेही सांगा. पंचमीला वारुळाची पूजा, नागोबाला भाऊ मानून केलेला उपवास, झोके आणि फेर हे सगळं राहू द्या. सापाला दूध पाजण्याचा हट्ट मात्र नको. दूध हे सापाचं अन्न नव्हे, त्यानं तो आजारी पडतो किंवा मरतो. भावाला कुणी असं करत नाही, हे लेकरांना चटकन पटतं.

पैठणच्या एकनाथांचं विंचवाचं भारुड मोठ्या मुलांसाठी ठेवा, दहाच्या पुढं. लहानांना त्यातला नाच आवडतो, पण विंचू म्हणजे मनातले काम-क्रोध हे समजायला थोडं वय लागतं. काही जुन्या ओळींत जनावराला मारझोड असते किंवा एखाद्या जातीला हिणवलेलं असतं. त्या वहीत जपून ठेवा, मुलांना म्हणायला देऊ नका, आणि मूल मोठं झाल्यावर का दिल्या नाहीत ते त्याच्याशी बोला.

सहावी पायरी: आपली ओवी जुळवा

गोळा करून थांबलात तर वही होते. घरात गाणं चालू ठेवायचं असेल तर नवी ओवी जुळवता आली पाहिजे. ते वाटतं तितकं अवघड नाही. दोन ओळी घ्या. प्रत्येक ओळीचे दोन तुकडे, मध्ये जात्याचा अर्धा फेरा. शेवट जुळला पाहिजे. लय कमी पडली तर 'गं', 'बाई', 'माझ्या' यांतला एखादा शब्द घाला. बायांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं आहे.

पहिली ओळ मोठ्यांनी द्यायची, दुसरी मुलांनी. आमच्याकडं सुरुवात अशी झाली होती:

माझ्या गं दारामंदी, गाय उभी कपिला…

मी थांबले. लेकीनं गोठ्याकडं बघितलं. सकाळीच तिनं वासराला भाकरीचा तुकडा भरवला होता. ती म्हणाली:

तिच्या गं वासराला, म्या घास दिला.

दुसरा तुकडा आखूड पडला. आजीनं हात न थांबवता तो "बाळीनं घास दिला" असा पुरा केला आणि पुढची मूठ जात्यात वैरली. जात्यात धान्य घालणं म्हणजे वैरणं, आणि गुरांचा चारा म्हणजेही वैरण. लेकीनं हा शब्द पकडला आणि दिवसभर "मी जात्याला वैरण घालते" म्हणत घरभर फिरली.

ओव्यांची सुरुवात पुष्कळदा पहिली ओवी, दुसरी ओवी अशी मोजून करतात. त्याचा खेळ होतो: पहिली गाईला, दुसरी बैलाला, तिसरी कुत्र्याला, अशी घरातल्या प्रत्येकाला एकेक जनावर वाटून द्या. घरात जातं नसेल तर पोळपाट चालतो, तांदूळ निवडायचं सूप चालतं, झोपाळा तर उत्तमच. दोन्ही हात एका ठेक्यात गुंतले पाहिजेत, एवढी अट. छत्रपती संभाजीनगरच्या माझ्या बहिणीच्या फ्लॅटमध्ये गॅलरीत ज्वारीचं कणीस आणि पाण्याचं मातीचं भांडं टांगलेलं आहे. पाणी बदलताना मुलं चिमणीची ओवी म्हणतात. भांडं रोज भरलं जातं ते त्या ओवीमुळं.

सातवी पायरी: वर्षाला बांधा

रोज गायचा नेम बहुतेक घरांत मोडतो. सणाला बांधलेलं गाणं मात्र वर्षानं परत येतं. नागपंचमीला झोका आणि फेर. वसुबारसेला गाय-वासरू, आणि तिथून पुढं लव्हाळ्याची दिवटी घेऊन ओवाळणं. लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्ष अमावस्येला येळवस. भज्जी, उंडे आणि आंबील खाऊन अख्खं घर शेतात कडब्याच्या कोपीभोवती बसलेलं असतं, त्यामुळं म्हाताऱ्यांना बोलतं करायला याहून चांगला दिवस नाही. फोन तेव्हा चार्ज करून न्या.

पण मला एकच दिवस निवडायला सांगितला तर मी पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ निवडीन. खांदेमळणी. दिवस मावळताना बैल धुऊन आणतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद आणि लोणी किंवा तेल चोळतात. मुलांना हे करू द्या, जाणत्या माणसाला शेजारी उभं करून. हात गरम लागतो, कातडी थरथरते, बैल डोळे अर्धे मिटतो. मग त्याच्या कानाशी जाऊन सांगायचं: "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." कुणी हे नुसतं बोलतात, आमच्याकडं सुरात म्हणतात. जनावराला एवढ्या अदबीनं, अहोजाहो करून जेवायला बोलावणारी ही ओळ लहान मुलांनी एकदा कानात म्हटली की तिला उजळणी लागत नाही.

बैल नसेल तर कुंभाराकडून मातीचा आणा, किंवा काळी माती भिजवून मुलांना करू द्या; शिंगं तुटतात, परत लावू द्या. खांद्याला हळदीचं बोट, समोर मूठभर सरकी, कानात आवतन. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा पहिला घास त्याच्यापुढं ठेवायचा आणि घरात जुळलेली बैलाची ओवी तेव्हाच म्हणायची. आदल्या रात्री मुलं "आत्ताच म्हणू का?" विचारतील. त्यांना सांगा, पाहुणा आला की.